कार्दाशेव मोजपट्टी : प्रगत संस्कृतीची ऊर्जेची भूक आणि तिच्या मर्यादा

पिनर (लंडन) : मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला पोहोचली ती २५ मे १८८५ रोजी. पुढची चार दशके या स्थानकातून वाफेच्या इंजिनांनी ओढलेल्या गाड्या ये-जा करीत राहिल्या. जानेवारी १९२५मध्ये हॅरोपासून रिकमन्सवर्थपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि पिनरची गाडी विजेवर धावू लागली. त्यानंतर महिनाभरातच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी सुटली. एक सत्ताधीश देशाचे उपनगर आणि दुसरे त्याच्या वसाहतीतले महानगर; पण ऊर्जेच्या वापरातील ही पायरी दोन्ही ठिकाणी जवळपास एकाच वेळी ओलांडली गेली.

या घटनेला आता शंभर वर्षे उलटली आहेत. एवढ्या काळात माणसाचा ऊर्जावापर ज्या वेगाने वाढला, तसाच तो आणखी हजार किंवा पाच हजार वर्षे वाढत राहिला तर काय होईल? हा प्रश्न विज्ञानकथेतला वाटेल. परंतु खगोलशास्त्रात त्याचा गांभीर्याने अभ्यास होतो आणि त्यासाठी एक मोजपट्टीही वापरली जाते. तिचे नाव कार्दाशेव मोजपट्टी. ती नेमकी काय मोजते, तिचे गणित कुठवर टिकते आणि आजच्या आपल्या जगाविषयी ती काय सांगते, याचा हा आढावा.

मोजपट्टीचा जन्म

निकोलाय कार्दाशेव हे सोव्हिएत रशियातील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. १९३२मध्ये जन्मलेल्या कार्दाशेव यांनी १९६४मध्ये परग्रहीय संस्कृतींकडून होणाऱ्या माहितीच्या प्रक्षेपणाविषयी एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता. दूरच्या ताऱ्यांभोवती कोणी बुद्धिमान जीव असतील आणि ते रेडिओ संदेश पाठवीत असतील, तर आपल्या दुर्बिणींना ते किती अंतरावरून ऐकू येतील? याचे उत्तर प्रक्षेपकाच्या शक्तीवर अवलंबून होते आणि प्रक्षेपकाची शक्ती त्या संस्कृतीच्या एकूण ऊर्जावापरावर. म्हणून कार्दाशेव यांनी संस्कृतींचे तीन प्रकार कल्पिले.

पहिला प्रकार तेव्हाच्या पृथ्वीइतकी, म्हणजे सुमारे ४ लाख कोटी वॅट शक्ती वापरणाऱ्या संस्कृतीचा. दुसरा प्रकार आपल्या ताऱ्याची सगळी शक्ती कामी आणणाऱ्या संस्कृतीचा. सूर्याच्या बाबतीत हा आकडा ४वर २६ शून्ये इतके वॅट आहे. तिसरा प्रकार संपूर्ण दीर्घिकेची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची शक्ती वापरणाऱ्या संस्कृतीचा. ४वर ३७ शून्ये इतके वॅट.

ग्रह, तारा आणि दीर्घिका ही तीन पावले पाहून मराठी वाचकाला वामनावताराची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. कार्दाशेव यांना संस्कृतीचा मोठेपणा ठरवायचा नव्हता. ती किती लांबून दिसू किंवा ऐकू शकेल, हे ठरवायचे होते. त्यांची पट्टी दीपस्तंभाच्या दिव्याची प्रखरता मोजणाऱ्या उपकरणासारखी आहे. दीपस्तंभाशेजारच्या घरातली माणसे सुखी आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. पुढच्या काळात लोकप्रिय लिखाणात हा फरक पुसट होत गेला आणि ‘आपण अजून पहिल्या प्रकारापर्यंतही पोहोचलो नाही’ असा काहीसा अपमानित सूर त्यात उमटू लागला.

सेगन यांची दुरुस्ती : आपण ०.७३वर

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९७३मध्ये या पट्टीत दोन सुधारणा केल्या. तीन प्रकारांमधले अंतर कोट्यवधी पटींचे असल्याने मधल्या पायऱ्या मोजण्याची सोय हवी होती. सेगन यांचे सूत्र सोपे आहे : संस्कृतीची वॅटमधील शक्ती घ्यावी, तिचा दशमान लॉगॅरिदम काढावा, त्यातून ६ वजा करावेत आणि उरलेल्याला १०ने भागावे. या सूत्राप्रमाणे पहिल्या प्रकारासाठी १वर १६ शून्ये इतके वॅट लागतात. म्हणजे सेगन यांचा पहिला प्रकार कार्दाशेव यांच्या मूळ पहिल्या प्रकारापेक्षा अडीच हजार पट मोठा आहे. निरनिराळ्या लेखांत परस्परविरोधी आकडे दिसतात त्याचे एक कारण हेच.

आज जगाचा प्राथमिक ऊर्जावापर वर्षाला ६०० एक्साज्यूलच्या वर आहे. सरासरी शक्तीच्या भाषेत तो सुमारे २० लाख कोटी वॅट होतो. १९६४मधल्या आकड्याच्या तो चार-पाच पट आहे. सूत्रात घातल्यास उत्तर येते ०.७३. लॉगॅरिदममुळे या पट्टीवर ०.१ पुढे सरकणे म्हणजे ऊर्जावापर दहापट होणे, हेही लक्षात असू द्यावे.

सेगन यांची दुसरी सूचना कमी प्रसिद्ध आहे. ऊर्जेच्या जोडीला संस्कृतीकडील माहितीही मोजावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी इंग्रजी वर्णाक्षरे वापरली. दहा लाख बिट माहिती असलेली संस्कृती ‘ए’ आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला माहिती दहापट. त्या हिशेबाने १९७३ची मानवजात त्यांनी ‘०.७ एच’ या पायरीवर ठेवली होती. ऊर्जा आणि माहिती हे प्रगतीचे दोन वेगळे अक्ष आहेत, हा विचार त्यात आहे आणि पुढे तो आपल्याला लागणार आहे.

चक्रवाढीचे गणित

कार्दाशेव यांचे सर्वांत धक्कादायक विधान चक्रवाढीतून आले. ऊर्जावापर दर वर्षी केवळ १ टक्क्याने वाढत राहिला तर ३,२०० वर्षांत तो सूर्याच्या एकूण शक्तीइतका होईल आणि ५,८०० वर्षांत दीर्घिकेतील १०० अब्ज ताऱ्यांइतका, असे त्यांनी दाखवले. बँकेतील ठेवीचे गणित करता येणाऱ्या कोणालाही हे पडताळता येईल.

वाढीचा दर २.३ टक्के धरला, जो गेल्या साठ वर्षांच्या जागतिक सरासरीच्या जवळ आहे, तर वापर साधारण शंभर वर्षांत दहापट होतो. मग हिशेब आणखी सोपा होतो. आजच्या २० लाख कोटी वॅटपासून सूर्याच्या शक्तीपर्यंत सुमारे १,३५० वर्षे लागतात. वेरूळचे कैलास मंदिर खोदले जाऊन आज जेवढा काळ लोटला, त्याहून ही मुदत फारशी मोठी नाही. सबंध दीर्घिकेसाठी जवळपास अडीच हजार वर्षे पुरतात.

हे आकडे पाहून दोन निष्कर्ष काढता येतात. आपले वंशज लवकरच आकाशगंगेचे स्वामी होतील, हा एक. अशी वाढ अखंड चालू राहणे अशक्य आहे, हा दुसरा. भौतिकशास्त्राचा कौल दुसऱ्या निष्कर्षाच्या बाजूने आहे आणि त्याची दोन कारणे आहेत : उष्णता आणि अंतर.

पहिली मर्यादा : उष्णता

ऊर्जा वापरली म्हणजे ती नाहीशी होत नाही. दिवा, पंखा, आगगाडी, संगणक यांतून गेलेली जवळजवळ सगळी ऊर्जा अखेर उष्णता बनते. ही उष्णता पृथ्वीला अवकाशात सोडावी लागते आणि त्यासाठी पृष्ठभाग तापण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

आज ही अडचण जाणवत नाही. पृथ्वी सूर्याकडून जितकी शक्ती शोषून घेते, तिच्या सुमारे सहा हजाराव्या हिश्शाइतकीच माणसे वापरतात. सध्याची तापमानवाढ आपल्या यंत्रांच्या उष्णतेमुळे होत नसून कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंनी अडवलेल्या उष्णतेमुळे होते, आणि तो परिणाम यंत्रांच्या थेट उष्णतेच्या कित्येक पट मोठा आहे. परंतु उद्या कोळसा, तेल पूर्णपणे थांबले आणि अणुसंमीलनातून हवी तेवढी स्वच्छ ऊर्जा मिळू लागली, तरी उष्णतेचा हिशेब सुटत नाही. सेगन यांच्या पहिल्या प्रकाराइतकी शक्ती, म्हणजे आजच्या पाचशे पट, पृथ्वीवरच अशा रीतीने निर्माण केली तर साध्या उष्णता-समतोलाच्या गणिताने पृथ्वीचे सरासरी तापमान आणखी पाच ते सहा अंशांनी वाढते. २.३ टक्क्यांची वाढ चारशे वर्षे चालली तर पृष्ठभागाचे तापमान पाणी उकळण्याच्या जवळ जाते. त्यात एका ग्रॅमचाही कर्बवायू धरलेला नाही.

सूर्यप्रकाशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. जमिनीवर पडणारे ऊन एरवीही उष्णताच बनणार असते. ते मधल्या मध्ये कामाला लावले तर पृथ्वीवरचा बोजा फारसा वाढत नाही. वातावरणाच्या माथ्यावर तासाभरात येऊन पडणारी सौरऊर्जा आज संपूर्ण मानवजातीला साधारण वर्षभर पुरेल एवढी आहे. म्हणजे सावकाश वाढायला जागा भरपूर आहे, पण त्या जागेला छत आहे. त्या छतापलीकडे जायचे तर ग्रह सोडावा लागेल.

डायसन यांचे कवच

ग्रह सोडून ऊर्जा कुठे गोळा करायची, याचे उत्तर कार्दाशेव यांच्याआधी चार वर्षे, १९६०मध्ये, फ्रीमन डायसन यांनी दिले होते. डायसन मूळचे इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यातले. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. आपल्याला ही कल्पना इंग्रज लेखक ओलाफ स्टेपलडन यांच्या १९३७च्या ‘स्टार मेकर’ या कादंबरीतून सुचली, असे ते मोकळेपणाने सांगत.

डायसन यांचा युक्तिवाद असा. एखाद्या संस्कृतीने गुरूएवढ्या ग्रहाचे सारे द्रव्य पसरून सूर्याभोवती, पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर, कवच केले तर त्याची जाडी दोन-तीन मीटर भरेल. एवढे द्रव्य सूर्याची सगळी शक्ती अडवायला पुरेसे आहे. पुढे या कल्पनेची चित्रे एकसंध घुमटासारखी काढली गेली, पण तसा घुमट टिकणार नाही. डायसन यांच्या मनात सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरणाऱ्या असंख्य वस्त्यांचा आणि संग्राहकांचा थवा होता.

त्यांचा खरा मुद्दा बांधकामाचा नव्हताच. असा थवा ताऱ्याचा प्रकाश गिळेल, पण उष्णतेच्या नियमातून तोही सुटणार नाही. घेतलेली सगळी शक्ती त्याला अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकावीच लागेल. म्हणून डायसन म्हणाले की प्रगत संस्कृती शोधायची असेल तर अवरक्त किरणांत असाधारणपणे तेजस्वी असलेले तारे शोधा. परग्रहवासी बोलोत अथवा गप्प राहोत, त्यांच्या चुलीची ऊब लपणार नाही.

दुसरी मर्यादा : अंतर

ताऱ्यापासून दीर्घिकेकडे जाताना चक्रवाढीला दुसरी भिंत लागते. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या वेगाने निघाले तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक लाख वर्षे लागतील. मग अडीच किंवा पाच हजार वर्षांत तिचे सगळे तारे ताब्यात कसे येणार?

सूर्यापासून सर्व दिशांना पसरत जाणाऱ्या संस्कृतीच्या आवाक्यातले तारे काळाच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. दीर्घिकेची चकती तिच्या रुंदीच्या मानाने फारच पातळ असल्याने काही काळानंतर ही वाढ वर्गाच्या प्रमाणात उतरते. चक्रवाढ मात्र घन आणि वर्ग या दोघांनाही मागे टाकते. तेव्हा ताऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या कोणत्याही संस्कृतीला ऊर्जेच्या वाढीचा वार्षिक टक्का सोडून द्यावाच लागेल. तिसऱ्या प्रकाराची संस्कृती अशक्य ठरत नाही, पण तिला हजारो नव्हे, लाखो वर्षे लागतील.

शोधात काय सापडले?

डायसन यांची सूचना अनेकांनी मनावर घेतली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे जेसन राइट यांच्या गटाने ‘वाइज’ या अवरक्त उपग्रह-दुर्बिणीच्या नोंदी चाळल्या. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे एक लाख दीर्घिकांपैकी एकीतही ताऱ्यांचा बहुतांश, म्हणजे ८५ टक्क्यांहून अधिक, प्रकाश कोणी वापरत असल्याचे चिन्ह नव्हते.

एकेकट्या ताऱ्यांचा शोध स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘हेफेस्टस’ या प्रकल्पात घेतला. सुमारे ५० लाख ताऱ्यांच्या नोंदी गाळून २०२४मध्ये त्यांनी सात लाल खुजे तारे संशयित म्हणून वेगळे काढले. त्यांची बातमी जगभर गाजली. काही दिवसांतच मँचेस्टर विद्यापीठाचे मायकेल गॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सातांपैकी तीन ताऱ्यांच्या दिशेला रेडिओ स्रोत आहेत. धुळीने झाकलेल्या दूरच्या दीर्घिका नेमक्या त्या ताऱ्यांमागे आल्या असाव्यात आणि जादा अवरक्त प्रकाश त्यांचा असावा. याआधी २०१५मध्ये विचित्रपणे मंदावणाऱ्या एका ताऱ्याभोवतीही डायसन-थव्याची चर्चा झाली होती. तिथेही अखेर धुळीचेच स्पष्टीकरण ग्राह्य ठरले.

आजवर तरी कोणाच्या चुलीची ऊब जाणवलेली नाही. आकाशात कोणी नसेल, किंवा मोठी चूल पेटवणे हा प्रगतीचा एकमेव मार्ग नसेल. पहिल्या शक्यतेवर आपल्याला काही करता येत नाही. दुसरी मात्र तपासण्याजोगी आहे.

लहानाकडे जाणारी वाट

विश्वशास्त्रज्ञ जॉन बॅरो यांचा जन्म १९५२मध्ये वेंब्लीचा. पिनरहून लंडनच्या मध्याकडे जाणारी गाडी वेंब्लीवरूनच जाते. बॅरो यांनी कार्दाशेव यांची पट्टी उलटी धरली. संस्कृती किती मोठ्या गोष्टी हाताळते यापेक्षा ती किती लहान गोष्टी हाताळू शकते, हे मोजावे असे त्यांनी सुचवले : आधी आपल्या आकाराच्या वस्तू, मग जनुके, मग रेणू, अणू, अणुकेंद्रे, मूलकण आणि शेवटी अवकाश-काळाची घडणच. या वाटेवर माणूस झपाट्याने पुढे गेला आहे.

संगणकक्षेत्रातील वाचकांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. रोल्फ लँडाउअर यांनी १९६१मध्ये दाखवले की एक बिट माहिती पुसायला निसर्ग किमान काही ऊर्जा घेतोच. पण सामान्य तापमानाला ही किंमत इतकी अल्प आहे की आजची यंत्रे तिच्या कित्येक पट अधिक ऊर्जा खर्चतात. याचा अर्थ, ऊर्जावापर न वाढवता माहितीच्या अक्षावर फार दूर जायला वाव आहे.

यावर एक जुना इशारा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच नोंदवले की वाफेची इंजिने काटकसरी झाली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या कामांना जुंपली गेली. काटकसर आपोआप वाढ थांबवीत नाही. ती थांबवायची की नाही हे समाजाला ठरवावे लागते.

प्रत्यक्षात वाढ होते कशी? खोपोली आणि मुळशी

चक्रवाढीची रेषा कागदावर गुळगुळीत दिसते. प्रत्यक्षात ऊर्जेची वाढ एकेका प्रकल्पाने, एकेका खोऱ्यातून होते. महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे.

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१०मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून त्यांचे पाणी बोरघाटाखाली पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खोपोलीच्या वीजघरात सोडण्यात आले आणि १९१५मध्ये मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत मिळू लागली. इतक्या उंचीवरून पडणारे एक घनमीटर पाणी तत्त्वतः दीड युनिटच्या आसपास वीज देते. म्हणजे गिरण्या चालवायच्या तर पाण्याचे प्रचंड साठे हवेत आणि साठे हवेत तर जमीन बुडणार, हे ओघानेच आले.

ही किंमत मुळशीत उघड झाली. मुळा-निळा नद्यांच्या संगमाजवळच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या भातजमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केले. एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेलेला हा तरुण पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखला गेला तो या लढ्यामुळे. सत्याग्रह अयशस्वी ठरला. धरण झाले आणि भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळाली. पुढे कोयना आली. तिची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे आणि तिने उठवलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला.

मुंबईला ऊर्जेची गरज नव्हती, असा याचा अर्थ नाही. त्या विजेने गिरण्या, लोकलगाड्या, दवाखाने आणि लाखो संसार उभे केले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची चूल त्यावरच पेटली. पण वामनाचे पाऊल पडते तेव्हा ते कोणाच्या तरी मस्तकावर पडते. कार्दाशेव पट्टीवर ते मस्तक दिसत नाही.

पिनरच्या शेजारी

तोच प्रश्न आता वेगळ्या रूपात पिनरच्या वेशीपर्यंत आला आहे. पिनर ज्या हॅरो बरोमध्ये आहे, तिला लागून हिलिंग्डन बरो आहे. २०२२च्या उन्हाळ्यात ग्रेटर लंडन प्राधिकरणाने घरबांधणी करणाऱ्यांना कळवले की हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो या भागांत मोठ्या नव्या प्रकल्पांना वीजजोडणीसाठी थेट २०३५पर्यंत थांबावे लागू शकते. महत्त्वाचे कारण होते एम-४ महामार्गाच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांनी राखून ठेवलेली विजेची क्षमता. नंतर लहान मागणीच्या प्रकल्पांसाठी तात्पुरता मार्ग काढण्यात आला. पण घरे आधी की संगणक आधी, हा प्रश्न त्या निमित्ताने स्पष्टपणे विचारला गेला.

विशेष असे की ब्रिटनचा एकूण वीजवापर २००५च्या सुमारास शिखर गाठून नंतर घटत आला होता. १८८२मध्ये लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर कोळशावरचे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू करणाऱ्या या देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा-वीजकेंद्र बंद केले. कमी वीज वापरूनही देश चालतो, याचे हे ठळक उदाहरण होते. अर्थात त्यात कारखाने परदेशी गेल्याचाही वाटा आहे. आता आलेख पुन्हा वर वळण्याची चिन्हे आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्का. २०३०पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असे ती संस्था म्हणते. ऐरोली-महापे परिसरातही अशीच केंद्रे उभी राहत आहेत. स्लाऊमध्ये काम करणारा मराठी अभियंता आणि ऐरोलीतला त्याचा वर्गमित्र आज एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना बसले आहेत.

०.७३ ते ०.७४

शेवटी मोजपट्टीकडे परत येऊन एक हिशेब करू. निवांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅटवर चालते. जगाचा ऊर्जावापर लोकसंख्येने भागला तर दरडोई सुमारे २,४०० ते २,५०० वॅट येतात. जणू प्रत्येकाच्या सेवेला चोवीस-पंचवीस अदृश्य गडी अहोरात्र राबत आहेत. पण ही सरासरी फसवी आहे. व्यापारी ऊर्जेचा विचार केला तर अमेरिकी माणसाच्या वाट्याला साधारण नव्वद गडी येतात, ब्रिटिश माणसाच्या बत्तीस आणि भारतीयाच्या जेमतेम नऊ.

समजा, पृथ्वीवरील प्रत्येकाला ब्रिटनइतकी ऊर्जा मिळाली. गडचिरोलीच्या पाड्यावरील दवाखान्यात औषधांचा शीतकपाट रात्रभर चालू राहिला, मराठवाड्यातील शेतकऱ्याला पंप सुरू करायला मध्यरात्री उठावे लागले नाही आणि सरपणाच्या धुराने कोणाची फुफ्फुसे निकामी झाली नाहीत. त्या जगाला लागेल सुमारे २६ लाख कोटी वॅट शक्ती. सेगन यांच्या सूत्राने त्याचा क्रमांक ०.७४. संपूर्ण जग अमेरिकेइतके खर्चिक झाले तरी काटा ०.७९च्या पुढे जात नाही.

मानवी इतिहासातला कदाचित सर्वांत मोठा न्याय या पट्टीवर एक शतांश भागात मावतो. परग्रहावरच्या कोणा निरीक्षकाला हा फरक कळणारही नाही. त्या शतांशासाठी लागणारी ऊर्जा सूर्यप्रकाशात आहे, उष्णतेच्या मर्यादेत आहे आणि तिच्यासाठी गुरू ग्रह फोडण्याची गरज नाही. गरज आहे ती ती कोणाच्या जमिनीवर गोळा होईल, कोणाच्या तारेतून जाईल आणि रांगेत आधी कोण उभा राहील, हे उघडपणे ठरवण्याची.

पिनरच्या मेमोरियल पार्कमध्ये २०१६पासून विल्यम हीथ रॉबिन्सन या चित्रकाराचे संग्रहालय आहे. १९०८ ते १९१८ या काळात ते पिनरमध्ये राहत असत. दोऱ्या, कप्प्या आणि गाठी मारून जोडलेल्या, किरकोळ कामासाठी अवाढव्य खटाटोप करणाऱ्या यंत्रांच्या त्यांच्या चित्रांमुळे इंग्रजीत अशा यंत्राला त्यांचेच नाव पडले. कार्दाशेव पट्टीचा विचार करताना ती चित्रे अवश्य पाहावीत. यंत्र किती मोठे आहे, हे त्यांत पहिल्या दृष्टिक्षेपात कळते. त्यातून शेवटी काय साधले, हे समजायला थोडे थांबून नीट पाहावे लागते.